तारवावरचे पाणी : अपरान्ताच्या सागरप्रवाशांचे जीवन आणि बौद्ध साहित्य

सावर्डे हे गाव समुद्रकाठचे नाही. चिपळूण आणि संगमेश्वर यांच्या मधल्या डोंगराळ टापूत ते वसले आहे. तरीही येथील माणसांचे समुद्राशी असलेले नाते जुने आहे. वाशिष्ठी नदी चिपळूणजवळ खाडीचे रूप घेते. भरतीच्या पाण्याबरोबर गलबते थेट गोवळकोटपर्यंत चढत आणि ओहोटीबरोबर दाभोळच्या मुखाशी उतरत. घाटावरचा माल कुंभार्ली घाटाने खाली येई, कोकणचे मीठ आणि सुकी मासळी वर जाई. या व्यवहारात ज्यांच्या पाठीवरून माल गलबतात चढला, त्यांत आपल्या समाजाची माणसे पुष्कळ होती.

काही वर्षांपूर्वी वर्षावासाच्या निमित्ताने सावर्डे येथे पूर्ण स्थविरांची कथा सांगण्याचा योग प्रस्तुत लेखकाला आला. प्रवचन संपल्यावर मागच्या रांगेतले एक वयोवृद्ध उपासक उठले आणि म्हणाले, ‘‘सर, एक शंका आहे. त्या तारवावर पाण्याचे भांडे एकच होते काय?’’ प्रश्न ऐकून काही तरुण हसले. तेव्हा बाबांनी खुलासा केला. त्यांचे वडील खाडीतल्या एका धक्क्यावर गलबते भरण्याचे काम करीत. दिवसभर उन्हात पोती वाहिल्यावर तहान लागली, तर गलबतावरचा माणूस वरून पाणी ओती आणि खाली ओंजळ धरून ते प्यावे लागे. पिंपाला हात लावण्याची मुभा नव्हती. पोते चाले, पोते वाहणारा हात चालत नसे. सभेत कोणी पुन्हा हसले नाही. त्या वेळी बाबांना समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढे ग्रंथ पुन्हा चाळले, आणि त्या शोधात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

आरंभी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. भगवान बुद्धांचा विहार मुख्यतः मगध, कोसल, वज्जी या समुद्रापासून दूर असलेल्या प्रदेशांत झाला. तरीसुद्धा पालि त्रिपिटकात समुद्र वारंवार येतो, आणि तो केवळ कवीच्या कल्पनेतला समुद्र नाही. भरती-ओहोटी, खारटपणा, मृत शरीर किनाऱ्यावर टाकून देण्याचा सागराचा स्वभाव, या गोष्टी पाहणाऱ्याने सांगितल्याशिवाय कळत नाहीत. ही माहिती पुरविणारी माणसे पूर्वेकडे ताम्रलिप्तीची आणि पश्चिमेकडे भरुकच्छ व सुप्पारक येथील होती. सुप्पारक म्हणजे आजचे नालासोपारा. येथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा तेव्हा आणि नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये या परिसरात मिळाला. महानिद्देसात धनाच्या आशेने समुद्रावर जाणाऱ्यांची जी बंदरे मोजली आहेत, त्यांत सुप्पारक आणि भरुकच्छ ही दोन्ही आहेत. कान्हेरीच्या लेण्यांतील एका दानलेखात ‘सागरपलोगण’ या सागरप्रवासी व्यापाऱ्यांचा उल्लेख येतो. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजी येथे आरंभी थेरवादी आणि पुढे वज्रयानी वापराची लेणी आहेत, आणि कुंभार्ली घाट ओलांडून वर गेले की कऱ्हाडजवळ आगाशिवच्या डोंगरात लेण्यांचा मोठा समूह लागतो. बंदर, घाट आणि विहार यांची अशी साखळी सबंध अपरान्तात दिसते.

आता तारवाकडे वळू. संयुत्तनिकायाच्या खन्धवग्गात भगवंतांनी एक उपमा दिली आहे. वेताने बांधलेली सागरी नाव सहा महिने पाण्यात झिजते. थंडीच्या दिवसांत ती ओढून जमिनीवर घेतात. तेथे तिची बंधने वारा आणि ऊन खातात, आणि पुढे पावसाळी ढग बरसले की ती सहज सैल पडून कुजून जातात. साधना करणाऱ्या भिक्खूची संयोजने अशीच, त्याच्या नकळत, झिजत जातात असा उपमेचा आशय आहे. येथील बंधने म्हणजे शिडाचे दोर असा अर्थ काही भाषांतरकार घेतात. माझ्या मते येथे फळ्या एकमेकींना शिवणारी बंधने अभिप्रेत असावीत. पश्चिम सागरावर लोखंडी खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोराने फळ्या शिवून नावा बांधण्याची पद्धत फार जुनी आहे. कोकणात पावसाळ्यापूर्वी होड्या वर ओढून नारळाच्या झापांनी शाकारून ठेवतात. ते दृश्य ज्याने पाहिले आहे, त्याला या सुत्ताची अट्ठकथा वेगळी वाचावी लागत नाही. उपमा देणाऱ्याला नाव कशी कुजते हे माहीत होते.

शिवलेल्या तारवाचा एक गुण असा की लाटेच्या माऱ्यात ते थोडे लवते, फुटत नाही. दोष असा की सांध्यांतून पाणी सतत झिरपते. म्हणून तारवावरचे पहिले आणि कधीही न संपणारे काम म्हणजे पाणी उपसणे. धम्मपदाच्या भिक्खुवग्गात भिक्खूला आपली नाव उपसून हलकी करण्याचा उपदेश आहे. हा उपदेश आपण ध्यानाच्या संदर्भात ऐकतो आणि पुढे जातो. पण तो ज्या अनुभवातून आला, तेथे तळाशी वाकून, दुर्गंधीयुक्त पाण्यात पाय रोवून, भांड्यामागून भांडे वर देणारा एक मजूर उभा आहे.

या मजुराला पालि साहित्यात स्वतंत्र स्थान मिळाले आहे, ते मिलिंदपञ्हात. ग्रंथाच्या शेवटच्या भागात नागसेन स्थविर साधकाने कोणाकडून कोणते गुण घ्यावेत हे सांगतात. तेथे नाव, नांगर, डोलकाठी, निर्यामक आणि समुद्र यांच्या ओळीत जहाजावरचा ‘कम्मकर’, म्हणजे साधा कामगार, येतो. तो मनाशी म्हणतो की मी भाडोत्री माणूस आहे, या नावेमुळे मला ‘भत्तवेतन’ मिळते, तेव्हा मला गाफील राहता येणार नाही. पोटापुरते अन्न आणि वर थोडे वेतन हा त्याचा करार होता. आजच्या कारखान्यातील ‘भत्ता’ आणि ‘वेतन’ हे शब्द येथे जोडीने भेटतात! राजा मिलिंदाच्या दरबारातील तत्त्वचर्चेत सागरावरच्या मजुराला गुरुस्थानी ठेवावे, हे प्राचीन भारतीय वाङ्मयात सहसा आढळत नाही.

निर्यामकाविषयी नागसेन सांगतात की तो रात्रंदिवस जागरूक राहून नाव हाकतो, समुद्रातले बरेवाईट सर्व जाणतो, आणि सुकाणूच्या यंत्राला कोणी हात लावू नये म्हणून त्यावर स्वतःची मुद्रा उमटवून ठेवतो. हा शेवटचा तपशील फार बोलका आहे. तारवावर जागा थोडी, माणसे दाटीवाटीने. एखाद्या उतावीळ प्रवाशाने सुकाणू फिरविले तर सर्वांचा नाश. कोकणातही तांडेलाच्या सुकाणूला दुसरा कोणी सहजासहजी हात लावीत नसे.

या जागरणाची किंमत काय होती ते सुप्पारक जातकात दिसते. बोधिसत्त्व भरुकच्छच्या निर्यामकप्रमुखाच्या घरी जन्मला. सोळाव्या वर्षी तो स्वतः निर्यामक झाला आणि त्याच्या हाताखाली एकही नाव बुडाली नाही. पण खाऱ्या पाण्याच्या माऱ्याने त्याचे दोन्ही डोळे गेले. जातककथेत चमत्कार पुष्कळ असतात. मात्र डोळे जाण्याचे कारण सांगताना कथाकाराने देव, शाप किंवा पूर्वकर्म यांपैकी काहीही आणले नाही. खारे पाणी डोळ्यांत उडत राहिले आणि डोळे गेले, इतकेच. व्यवसायातून जडलेल्या व्याधीची ही नोंद आपल्या वाङ्मयातल्या फार जुन्या नोंदींपैकी असावी. पुढे याच आंधळ्या माणसाला व्यापारी आग्रहाने नावेवर नेतात, आणि वाट चुकलेल्या नावेवरच्या ७०० माणसांना तो पाण्याच्या रंगाचे व रूपाचे वर्णन ऐकून समुद्र ओळखून दाखवितो.

प्रस्थानाचे दृश्य संस्कृत दिव्यावदानात आले आहे. धर्मरुचीच्या कथेत एका तारवावर एवढी माणसे चढतात की भार पेलवत नाही. तेव्हा कर्णधार समुद्रातील संकटांची मोठ्याने घोषणा करतो. महाकाय मासे, पाण्याखालचे खडक, अकस्मात सुटणारे वादळी वारे, निळी वस्त्रे नेसलेले चाचे, ही सारी यादी ऐकून पुष्कळ लोक खाली उतरतात. मग दोर एकामागून एक कापले जातात आणि तारू सुटते. भार कमी करण्याचा हा उपाय मोठा शहाणपणाचा आहे. कोणालाही ढकलावे लागत नाही, खरे काय ते सांगितले की पुरते.

किनारा दिसेनासा झाल्यावर काय? होकायंत्र नव्हते. दिवसा सूर्य, रात्री तारे. आभाळ भरून आले तर वाऱ्याच्या हवाली. अशा वेळी उपयोगी पडे तो पक्षी. दीघनिकायाच्या केवट्ट सुत्तात भगवंतांनी सांगितले आहे की सागरी व्यापारी ‘तीरदस्सी’ म्हणजे तीर पाहणारा पक्षी बरोबर घेतात. तो पूर्वेला, दक्षिणेला, पश्चिमेला, उत्तरेला, वर आणि उपदिशांना उडून पाहतो. जमीन दिसली तर तिकडे निघून जातो, न दिसली तर नावेवरच परत येतो. बावेरु जातकात अशाच एका दिशा दाखविणाऱ्या कावळ्याची गोष्ट आहे. बावेरु म्हणजे बॅबिलोन. तेथे पक्षी दुर्मीळ म्हणून व्यापाऱ्यांनी हा कावळा चांगल्या किमतीला विकला आणि पुढच्या खेपेला मोर नेला. मोर येताच कावळ्याचा मान गेला. गोष्ट गमतीची आहे, पण ज्याच्या भरवशावर आपण समुद्र ओलांडला तो वाटाड्याच विकून टाकणारे हे व्यापारी परत कसे आले, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

वाट चुकणे ही नित्याची गोष्ट होती. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी आपल्याच दाभोळ बंदरातून दोन सोन्याची नाणी भाडे देऊन हुर्मुझकडे निघाला. महिनाभर त्याला जमीन दिसली नाही, आणि नंतर दिसली ती आफ्रिकेतल्या हबश्यांच्या देशाची. किनाऱ्यावरच्या लोकांनी लुटू नये म्हणून तारवावरच्यांनी तांदूळ, मिरी आणि भाकरी वाटल्या. तेथून मस्कत गाठायला आणखी बारा दिवस लागले. बौद्ध ग्रंथांतील सागरप्रवासाच्या कथा ज्यांना अतिरंजित वाटतात, त्यांनी दाभोळच्या या खेपेचा विचार करावा.

अन्नाची व्यवस्था बेताची होती. महाजनक जातकात नाव फुटू लागते तेव्हा इतर लोक रडतात, देवतांना नवस करतात. महाजनक मात्र तूप आणि साखर पोटभर खातो, दोन वस्त्रे तेलात भिजवून अंगाला घट्ट गुंडाळतो, डोलकाठीवर चढतो आणि नावेभोवती जमलेल्या माशांच्या पलीकडे उडी घेतो. पुढे मणिमेखला देवी येते, तो भाग आपण बाजूला ठेवू. पण तूप, साखर, तेल आणि उंचावरून उडी, ही सामग्री व ही युक्ती खलाशांच्या अनुभवातली आहे. कथाकाराने ती कोणाकडून तरी ऐकली असली पाहिजे.

तारवावर भिक्खूही असत, आणि विनयाने त्यांच्या तेथील जीवनाची दखल घेतली आहे. महावग्गाच्या वस्सूपनायिका खंधकात गुराख्यांचा तळ, काफिला आणि नाव या तिन्ही ठिकाणी वर्षावास करण्याची अनुज्ञा आहे. म्हणजे जेथे लोक पोटासाठी फिरतात तेथे भिक्खूने त्यांच्याबरोबर राहावे, हे मान्य होते. उपोसथासाठी सीमा हवी. जमिनीवर ती डोंगर, झाड, वाट यांनी ठरते. पाण्यावर काय करावे? तेथे मध्यम बांध्याच्या पुरुषाने चहूबाजूंना पाणी उडवावे, ते जेथवर पडेल तेथवर सीमा, असा नियम आहे. समन्तपासादिका या विनय अट्ठकथेने पुढचा बारकावाही सांगितला आहे. नाव चालत असताना संघकर्म करू नये. कारण सीमा ओंजळभर पाण्याच्या टप्प्याएवढीच, आणि चालती नाव ती क्षणात ओलांडून जाते. नांगर टाकून नाव स्थिर करावी, मग कर्म करावे. हा नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे खरी नाव होती.

याच काळात ब्राह्मणी धर्मशास्त्र समुद्राकडे कसे पाहत होते? बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवासाची गणना माणसाला पतित करणाऱ्या कृत्यांत केली. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंक्तीत बसविण्यास अयोग्य असलेल्यांच्या यादीत समुद्रयायी आहे. घराला आग लावणारा आणि विष देणारा हे त्याचे शेजारी. पुढे कलिवर्ज्यात हा निषेध अधिक कठोर झाला. अर्थात प्रत्यक्षात ब्राह्मणही समुद्र ओलांडत होते. पुढे येणाऱ्या फाहियानच्या वृत्तांतात ते तारवावरच भेटतील. परंतु शास्त्राने ज्याला पंक्तीबाहेर काढले, त्याच्या तारवावर विनयाने उपोसथाची सीमा आखली, हा फरक लहान नाही.

आता पूर्णाची कथा. दिव्यावदानातील पूर्णावदानानुसार सोपाऱ्याच्या भव नावाच्या गृहपतीला पत्नीपासून भविल, भवत्रात आणि भवनंदी असे तीन पुत्र होते. चौथा पूर्ण, तो घरातल्या दासीच्या पोटी जन्मला. पित्यानंतर वाटणी निघाली तेव्हा भावांनी पूर्णाला वाटा देण्याचे नाकारले. दासीपुत्राला वाटा कसला, उलट तोच वाटणीतली एक वस्तू आहे, असे त्यांचे म्हणणे. थोरल्या भविलाने घर, दुकान, शेतीवाडी यांपैकी काही न मागता आपल्या वाट्याला पूर्ण मागून घेतला. पुढे पूर्णाने आपल्या बुद्धीने संपत्ती मिळविली आणि सहा वेळा समुद्र ओलांडून तो सुखरूप परतला.

त्या वेळी श्रावस्तीचे व्यापारी सोपाऱ्यास आले आणि त्यांनी पूर्णाला पुन्हा निघण्याची गळ घातली. सहा वेळा परत आलेला माणूस सातव्यांदा जातो असे कोठे ऐकले आहे काय, असे म्हणून त्याने प्रथम टाळले; शेवटी त्यांच्याकरिता निघाला. तारवावर रात्र सरत असताना, पहाटेच्या सुमारास, हे व्यापारी एकत्र बसून मोठ्या आवाजात पठण करीत. काय म्हणत, त्याची यादीच ग्रंथाने दिली आहे. उदान, पारायण, सत्यदृश, स्थविरगाथा, शैलगाथा, मुनिगाथा आणि अर्थवर्गीय सूत्रे. पालि अभ्यासकाला ही नावे वाचताना आनंद होतो. पारायण आणि अर्थवर्ग म्हणजे आपल्या सुत्तनिपाताचे दोन अतिप्राचीन वग्ग; शैलगाथा तेथल्या सेल सुत्ताची आठवण देते; मुनिगाथेची शिफारस तर सम्राट अशोकाने भाब्रूच्या लेखात केली आहे. हे पाठ विहाराच्या भिंतींआड अडकलेले नव्हते. गृहस्थांच्या मुखी होते आणि तारवाच्या फळ्यांवर बसून म्हटले जात होते.

पूर्णाने विचारले, फार सुंदर गीते गाता, कोणाची ही? व्यापाऱ्यांनी सांगितले की ही गीते नव्हेत, हे बुद्धवचन आहे. ‘बुद्ध’ हा शब्द ऐकताच पूर्णाच्या अंगावर रोमांच उभे राहिले. प्रवास संपवून तो भगवंतांकडे गेला, प्रव्रजित झाला आणि पुढे आपल्याच प्रदेशात, सूनापरान्तात, धम्मप्रचारासाठी परतला. तेथील लोक मारतील, ठार करतील, तर तू काय करशील, हा भगवंतांचा प्रश्न आणि पूर्णाची उत्तरे मज्झिमनिकायाच्या पुण्णोवाद सुत्तात आहेत व वाचकांना परिचित आहेत. पालि अट्ठकथेत तपशील निराळा आहे. तेथे तो व्यापारी म्हणून श्रावस्तीला जातो आणि तेथे धम्म ऐकतो. दासीपुत्राचा व तारवावरच्या पठणाचा प्रसंग संस्कृत परंपरेतला आहे. दोन्ही परंपरा एका गोष्टीवर मात्र सहमत आहेत. पूर्ण अपरान्ताचा होता आणि त्याच्या भावाच्या तारवाला वादळाने घेरले तेव्हा त्याने ते वाचविले. त्या चंदनातून भगवंतांसाठी प्रासाद उभा राहिला.

हेच तारू अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात पाचव्या शतकातील चित्रकाराने रंगविले आहे. उंच डोलकाठ्या, उभट आयताकृती शिडे, बाजूला सुकाणूचे वल्हे, आणि मागच्या बाजूस ओळीने मांडलेले घट. याच चित्राच्या आधारे भारतीय नौदलाने गोव्यात काथ्याने शिवलेले सुमारे २० मीटर लांबीचे जहाज बांधून घेतले. मे २०२५ मध्ये कारवार येथे ते नौदलात दाखल झाले, आणि डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. जुन्या विद्येचा असा प्रत्यय घेणाऱ्या खलाशांचे आणि कारागिरांचे कौतुक केलेच पाहिजे. जहाजाला नाव मात्र कौंडिण्याचे दिले गेले, ज्याची कथा चिनी ग्रंथांत ब्राह्मण म्हणून येते. चित्र ज्याच्या कथेचे, तो सोपाऱ्याचा दासीपुत्र नावनिशाणीला राहिला नाही. हे मुद्दाम झाले असे मी म्हणत नाही; पण आपल्याकडे असे आपोआपच होत असते.

तारवावर सर्व समान होते, असे चित्र रंगवून बाबांच्या प्रश्नाला उत्तर देणे सोपे होते. तसे करणे खरेपणाचे होणार नाही. लोसक जातकात मित्तविंदकाची नाव सातव्या दिवशी भर समुद्रात थांबते. कोणीतरी ‘काळकण्णी’, म्हणजे अवलक्षणी, नावेवर आहे असे ठरते. चिठ्ठ्या टाकतात, सात वेळा त्याच्याच नावाची निघते. मग त्याच्या हाती बांबूंचा तराफा देऊन त्याला पाण्यात सोडतात आणि नाव चालू लागते. कथाकार याला पूर्वकर्माचे फळ म्हणतो. पण संकट आले की आपल्यातलाच एक दुबळा अपवित्र ठरवून बाहेर काढायचा, ही रीत आपल्या ओळखीची आहे. गावकुसाबाहेर राहिलेल्यांना ती समजावून सांगावी लागत नाही.

आणि हे कथेतच घडत होते असे नाही. चिनी भिक्खू फाहियान इ.स. ४११ मध्ये सिंहलद्वीपाहून ग्रंथ घेऊन निघाला. तारवावर २०० हून अधिक माणसे होती. मागे दोराने एक लहान नाव बांधलेली. दोन दिवसांनी वादळ आले आणि तारवात पाणी शिरले. व्यापारी लहान नावेकडे धावले, तेव्हा त्या नावेवरच्यांनी गर्दीच्या भीतीने दोर कापून टाकला. मग माल समुद्रात फेकणे सुरू झाले. फाहियानने आपली कमंडलू आणि हात धुण्याचे पात्र स्वतः फेकून दिले. आपले ग्रंथ व मूर्ती कोणी फेकतील या धास्तीने त्याचा जीव गोळा झाला होता. १३ दिवस-रात्रींनंतर एका बेटाशी ओहोटीत तारवाचे भोक सापडले आणि बुजविले गेले. पुढे सुमारे ९० दिवसांनी ते यवद्वीपाकडच्या एका देशी पोहोचले. काळोख्या रात्री लाटांवर अग्नीसारखा उजेड चमकताना आपण पाहिला, असे तो लिहितो. कोकणातल्या दर्यावर्दींना हा उजेड ठाऊक आहे.

पाच महिन्यांनी तो दुसऱ्या तारवावर चढला. बरोबर ५० दिवसांचा शिधा होता. महिन्याभराने पुन्हा वादळ आले. सकाळी तारवावरचे ब्राह्मण एकत्र जमले आणि त्यांनी निष्कर्ष काढला की हे संकट या श्रमणामुळे आले. एका माणसासाठी सर्वांनी का मरावे, त्याला एखाद्या बेटावर उतरवून द्यावे. मित्तविंदकाचीच कथा येथे खरी होऊ घातली होती. फरक पडला तो एका माणसामुळे. फाहियानचा दानपति असलेला एक प्रवासी उभा राहिला. या भिक्खूला उतरविणार असाल तर मलाही उतरवा, नाहीतर ठार करा. आणि चीनला पोहोचलो तर बुद्धधम्माचा आदर करणाऱ्या तेथील राजाला मी हे सांगेन, असे त्याने बजावले. व्यापारी कचरले. फाहियान तारवावरच राहिला. या उपासकाचे नाव इतिहासाने जपले नाही.

आभाळ भरलेले राहिले, निर्यामकाचा अंदाज चुकला. ७० हून अधिक दिवस गेले तरी जमीन दिसेना. शिधा आणि पाणी संपत आले. तेव्हा समुद्राचे पाणी घेऊन त्यात अन्न शिजवू लागले, आणि उरलेले गोडे पाणी वाटून घेतले. प्रत्येक माणसाला दोन शेंग, अशी फाहियानची नोंद आहे. हे माप आजच्या अर्ध्या लिटरहून कमी भरते. सावर्ड्याच्या बाबांना मी जे उत्तर देऊ शकलो नाही, ते या एका वाक्यात आहे. ज्या श्रमणाला काही आठवड्यांपूर्वी अपशकुनी म्हणून उतरवून द्यायला निघाले होते, त्याचा वाटा निराळा नव्हता. ब्राह्मण, व्यापारी, खलाशी, भिक्खू, सर्वांना एकाच साठ्यातून, एकाच मापाने. भांडे एकच होते, बाबा, निदान त्या एका तारवावर होते. ते धर्माने नव्हे, तहानेने एक केले होते, हेही खरे.

मग तारू वायव्येकडे वळविले. आणखी बारा दिवस-रात्री गेल्या आणि शांतुंगच्या लाओशान डोंगराचा दक्षिण किनारा लागला. कोणत्या देशाला लागलो हे कोणालाच कळेना. किनाऱ्यावर उगवलेली एक ओळखीची पालेभाजी पाहून फाहियानने जाणले की हा आपलाच मुलुख. तेथे त्यांना गोडे पाणी मिळाले.